वंशाचा दिवा आणि गुणसूत्रांचा हिशेब

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असा निरोप आला, तेव्हा आठवणींचाच लेख लिहावा असे प्रथम मनात आले. पहाटेची वंदना, वसतिगृहातील पंगत, नेकनूरच्या बाजाराच्या दिवशी भेटीला येणारे आईबाप, परीक्षेच्या आधी कंदिलाभोवती जमलेली मुले, असे पुष्कळ काही सांगता आले असते. पण त्या आठवणी माझ्याहून चांगल्या रीतीने सांगणारे माजी विद्यार्थी या अंकात असतीलच. मी येथे अनेक वर्षे विज्ञान शिकविले. म्हणून एका पाठाविषयीच लिहावे असे ठरविले. तो पाठ आनुवंशिकतेचा. मी तो वर्षानुवर्षे शिकविला, त्यावरचे प्रश्न विद्यार्थ्यांनी उत्तम सोडविले आणि गुणही मिळविले. तरीही त्या पाठाच्या माझ्या शिकविण्यात एक मोठी उणीव होती. ती मला कोणा अधिकाऱ्याने किंवा तज्ज्ञाने दाखविली नाही. ऊसतोडणीला जाणाऱ्या एका पालकाने दाखविली.

आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलामुलींचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. नवराबायको मिळून एक कोयता, असा तो हिशेब आपल्या जिल्ह्यात कोणास सांगावा लागत नाही. अशाच एका कोयत्याची मुलगी माझ्या वर्गात होती. चार बहिणींतील ती थोरली. मूल मुलगा होणार की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे मी फळ्यावर आकृती काढून समजाविले. शेवटी मोठ्या आवेशाने म्हणालो, ‘‘म्हणून मुलगी झाली तर आईला बोल लावू नका, मुलगी होण्याला कारण बाप असतो!’’ वर्गातील मुलींनी टाळ्या वाजविल्या. आपण समाजप्रबोधनाचे मोठे काम केले, असे समाधान मला त्या दिवशी वाटले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीला न्यायला आलेले तिचे वडील मला व्हरांड्यात भेटले. उन्हाने रापलेला, मान खाली घालून बोलणारा माणूस. म्हणाले, ‘‘सर, पोरगी म्हणती खोट माझ्यात हाय. आजवर माझी आई माझ्या बायकूला बोलायची, आता लेक मला बोलती. शाळंत असंच शिकिवत्यात का?’’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, अपमान होता. मला तत्काळ उत्तर सुचले नाही. त्या रात्री विचार करता लक्षात आले, की मी पाठ चुकीचा शिकविला नव्हता, पण अर्धाच शिकविला होता. घरातील आईच्या माथ्यावरचे गाठोडे उचलून मी ते बापाच्या माथ्यावर ठेवले होते. मुळात त्या गाठोड्यात काही आहे का, हे उघडून पाहिलेच नव्हते. मुलगी होणे म्हणजे कोणाचा तरी दोष असलाच पाहिजे, हे गृहीत मी तसेच राहू दिले होते.

म्हणून तो पाठ आज मी कसा शिकविला असता, ते येथे सांगतो. माजी विद्यार्थ्यांनी तो पुन्हा एकदा ऐकावा आणि पालकांनी प्रथमच, अशी विनंती आहे.

आपल्या भागातील शेतकऱ्याला आनुवंशिकता पुस्तकावाचून कळते. ज्वारीचा सी.एस.एच.-१ हा पहिला संकरित वाण १९६४ साली देशात आला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला. हायब्रीडचे बी दरसाल नवे का आणावे लागते? पहिल्या वर्षी सारे शेत एकसारखे दिसते. पण त्याच कणसांतले बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर एक धाट उंच, दुसरे बुटके, एक कणीस भरलेले, दुसरे विरळ, असे होते. दोन वाणांचे गुण पहिल्या पिढीत एकत्र आलेले असतात, ते दुसऱ्या पिढीत पुन्हा वेगवेगळे होतात. ग्रेगोर मेंडेल या युरोपातील मठवासी संन्याशाने वाटाण्याच्या रोपांवर हेच वर्षानुवर्षे मोजून पाहिले आणि १८६६ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. गुण एकमेकांत पाण्यासारखे मिसळून जात नाहीत. ते दाण्यांसारखे सुटे राहतात, जोडीने राहतात आणि पुढच्या पिढीत जाताना जोडीतला एकच जातो, हे त्याचे म्हणणे. ते त्याच्या हयातीत फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९०० साली जगाने ते नव्याने शोधून काढले.

हे दाणे ज्यांवर ओळीने बसलेले असतात, ती गुणसूत्रे. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. ही संख्या निश्चित होण्याची हकीकतही सांगण्यासारखी आहे. तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या पुस्तकांत मानवाची गुणसूत्रे ४८ म्हणून छापली जात होती. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे काम करणाऱ्या जिओ आणि लेव्हान या दोघा शास्त्रज्ञांनी ती नीट मोजून ४६ असल्याचे दाखविले. मोठमोठ्यांच्या पुस्तकातील चूक दुरुस्त होऊ शकते, तर माझ्यासारख्या शिक्षकाची का होऊ नये?

अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतले एकेकच गुणसूत्र त्यांत जाते. म्हणजे २३ आईची आणि २३ वडिलांची मिळून पुन्हा ४६. कोणत्या जोडीतले कोणते जाईल, याचा काही नियम नसतो. तेवीस जोड्यांतून एकेक निवडण्याचे प्रकार ८३ लाखांहून अधिक होतात, आणि हे केवळ एका पालकाकडून. गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलतात, ते वेगळेच. सख्खी भावंडेही एकमेकांसारखी का नसतात, याचे उत्तर येथे आहे. तुमच्या घरात जन्मलेले प्रत्येक मूल, जुळ्यांचा अपवाद सोडला तर, पूर्वी कधी झाले नव्हते आणि पुन्हा कधी होणार नाही.

तेविसावी जोडी लिंग गुणसूत्रांची. स्त्रीमध्ये दोन्ही एक्स, पुरुषामध्ये एक एक्स आणि एक वाय. हे कोडे सोडविण्यात मोठा वाटा एका स्त्रीचा आहे, हे मुलींनी लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठात होणाऱ्या किड्याच्या पेशी तपासल्या. मादीत वीस मोठी गुणसूत्रे, नरात मात्र एकोणीस मोठी आणि एक लहान, असे त्यांना आढळले. त्या लहान गुणसूत्राशी नर होण्याचा संबंध त्यांनी ओळखला. माणसातही तसेच आहे. आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच असते. वडिलांच्या शुक्रपेशींपैकी साधारण निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. एक्सवाली पोहोचली तर मुलगी, वायवाली पोहोचली तर मुलगा. आईच्या हाती काही नाही, एवढे मी पूर्वीही शिकवीत असे. पण बापाच्या हाती तरी काय आहे? कोट्यवधी शुक्रपेशींपैकी कोणती पोहोचावी, हे तो ठरवीत नाही. त्याच्या इच्छेने, त्याच्या पुण्याईने, नवसाने, गंडादोऱ्याने किंवा गर्भार बायकोला चारलेल्या औषधाने त्यात बदल होत नाही.

आधीच्या बाळंतपणांचाही पुढच्यावर परिणाम होत नाही. नाणे तीनदा छाप पडले म्हणून चौथ्यांदा काटा पडेलच असे नसते. त्याचप्रमाणे तीन मुलींनंतर ‘आता मुलगाच’ हा हिशेब खोटा आहे. चार अपत्ये असलेली सोळा कुटुंबे घेतली, तर त्यांपैकी सरासरी एका कुटुंबात चारही मुली असतील. एका कुटुंबात चारही मुलगे असतील. त्या दुसऱ्या घरातील आईमध्ये काय खोट आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. मुलगी होणे ही घटना आहे, दोष नाही. तो आईचा नाही, बापाचाही नाही. हे एक वाक्य मी त्या दिवशी फळ्यावर लिहावयास हवे होते.

आता या पाठाचे मोल आपल्या जिल्ह्याने काय दिले ते पाहा. कोणी हात घातला नाही, तर जगात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत हा आकडा नीचांकी होता. पुढच्याच वर्षी परळीतील प्रकरणाने आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, आणि ते कसे झाले हे आठवले की आजही मान खाली जाते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याने केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. गर्भवती स्त्रीवर पतीने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असावी, असे तो कायदा उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतो. म्हणजे कायद्याला जे समजले, ते आपल्या घरातील सासूसासऱ्यांना आणि नवऱ्यांना समजले नव्हते.

येथे एक आक्षेप कोणीही घेईल, आणि तो रास्त आहे. सोनोग्राफीच्या यंत्रावर बसणाऱ्याला एक्स आणि वाय ठाऊक नव्हते काय? पैसे मोजून तपासणीला जाणाऱ्यांत शिकलेली माणसे नव्हती काय? होती. त्यामुळे विज्ञानाचा पाठ पाठ झाला की माणूस सुधारतो, असा माझा दावा नाही. कोणाचा दोष, हा प्रश्न सुटल्यावरही एक खोल समजूत शिल्लक राहतेच: मुलगा हा वंशाचा दिवा आणि मुलगी परक्याचे धन. हुंडा, शेतीची वाटणी, म्हातारपणीचा आधार अशी तिची आर्थिक कारणे आहेत आणि त्यांवर उपायही आर्थिक व कायद्याचेच लागतील. पण ‘वंश’ हा शब्द तरी विज्ञानाच्या कक्षेतला आहे. त्याचा हिशेब गुणसूत्रांच्या भाषेत मांडून पाहू.

वडिलांकडून मुलाला २३ गुणसूत्रे मिळतात. मुलीलाही २३ मिळतात. फरक एका गुणसूत्राचा. मुलाला वडिलांचे वाय मिळते, मुलीला वडिलांचे एक्स. वायची लांबी एक्सच्या साधारण एक तृतीयांश आहे. एक्सवर प्रथिने घडविणारी आठशेच्या आसपास जनुके असतात, वायवर शंभरही नाहीत. म्हणजे वजनाच्या काट्यावर तोललेच, तर बापाचा वारसा मुलापेक्षा मुलीकडे किंचित अधिकच जातो. नातवंडांचे पाहिले तरी मुलाच्या मुलात आजोबांचा जेवढा वाटा, सरासरीने तेवढाच मुलीच्या मुलात. परक्या घरी गेली म्हणून मुलीच्या पेशीतून बापाची गुणसूत्रे गळून पडत नाहीत. आडनाव बदलले तरी तिच्या रक्तात बाप असतोच.

याहून एक गोष्ट आहे. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांत थोडे स्वतंत्र डीएनए असते आणि ते केवळ आईकडून येते. मुलालाही ते मिळते, पण तो पुढे देऊ शकत नाही, मुलगीच देते. पणजीकडून आजीला, आजीकडून आईला, आईकडून लेकीला असा हा धागा हजारो वर्षे अखंड चालत आला आहे. ज्या घरात केवळ मुलगे झाले, त्या घरातील आईचा हा धागा तेथे थांबतो. वंश बुडण्याचीच भीती असेल, तर ही भीती कोणी कधी बोलून दाखविली आहे काय? हे मी मुलग्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. ती माझी जुनीच चूक नव्याने होईल. सांगायचे इतकेच, की निसर्गाने वारसा दोघांकडे दिला आहे. ‘वंशाचा दिवा’ ही समजूत आडनावाच्या आणि सातबाऱ्याच्या हिशेबातली आहे. गुणसूत्रांच्या हिशेबात तिला आधार नाही.

आपल्या विद्यालयात वाढलेल्यांना हा विचार परका वाटू नये. राणी मल्लिकेला कन्या झाल्याची वार्ता कोसलनरेश प्रसेनजितास भगवान बुद्धांच्या सन्निधच कळली आणि राजा खिन्न झाला, हा संयुत्तनिकायातील प्रसंग आहे. प्रज्ञेने आणि शीलाने मुलगी मुलापेक्षाही श्रेष्ठ ठरू शकते, अशा आशयाचा उपदेश तथागतांनी त्याला केला. हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीची मीमांसा करताना बाबासाहेबांनी या प्रसंगाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. जातिभेदाला वंशशुद्धीचा आणि आनुवंशिकतेचा आधार देऊ पाहणाऱ्यांचा समाचारही बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात घेतला होता. त्यानंतर विज्ञानाने मानवाचा संपूर्ण जनुकसंच वाचला, आणि कोणत्याही दोन माणसांत तो सुमारे ९९.९ टक्के सारखाच असल्याचे आढळले. ज्यांना ‘जन्माने हीन’ हे शब्द पिढ्यान् पिढ्या ऐकावे लागले, त्यांनी तरी आपल्या घरात जन्मलेल्या मुलीला तेच शब्द वेगळ्या रूपात ऐकवू नयेत. रक्तावरून पायरी ठरविणे हे अंगणात चूक असेल, तर माजघरातही चूकच आहे.

मग आनुवंशिकतेला काही विचारूच नये काय? अवश्य विचारावे, पण योग्य प्रश्न विचारावा. सोयरीक जमविताना ‘मुलीच्या आईला मुलगे किती?’ अशी चौकशी करणारी मंडळी मी पाहिली आहेत. आईला मुलीच झाल्या तर लेकीलाही मुलीच होतील, असा त्यांचा तर्क. तो निराधार आहे, हे वर आलेच. त्याऐवजी रक्ताची तपासणी का करू नये? सिकल सेल हा आजार विदर्भात, नंदुरबारच्या पट्ट्यात, आदिवासी समाजात आणि विदर्भातील बौद्ध समाजातही आढळतो. आपल्या अनेक घरांची सोयरीक तिकडे आहे. दोष असलेले एकच जनुक ज्याच्याकडे असते, त्याला सहसा काही त्रास होत नाही. तो केवळ वाहक असतो. परंतु आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक असते. थॅलेसेमियाचा हिशेबही असाच आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या मराठवाड्यात आहे. आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, म्हणून घराण्यात लपलेले असे जनुक दोन्हीकडून एकत्र येण्याचा संभव नात्यातील लग्नात वाढतो. सिकल सेलच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. पत्रिका किंवा पोटजात पाहण्यापेक्षा रक्ताचा अहवाल पाहिला, तर पुढच्या पिढीचे खरे कल्याण होईल. आणि अहवालात वाहक असल्याचे आले, तर तोही कोणाचा दोष नव्हे. ती केवळ माहिती आहे, निर्णयासाठी उपयोगी पडणारी.

शेवटी संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, हा पाठ वर्षातून एकदा पालकांसमोर व्हावा. फडावर जाण्यापूर्वीच्या पालकसभेत, आजी-आजोबांनाही बोलावून. तो शिक्षकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी मांडावा, आणि मुलींइतकाच मुलग्यांनी मांडावा. कारण उद्याचे नवरे आणि सासरे तेच आहेत. दुसरी, या विद्यालयातून परिचारिका, शिक्षिका, आशा कार्यकर्त्या, डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थिनींनी वर्षातला एक दिवस या कामासाठी द्यावा. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, हा त्यासाठी योग्य दिवस ठरेल. तिसरी सूचना प्रत्येकासाठी: आपल्या घरात, भावकीत कोणा स्त्रीला मुली झाल्या म्हणून बोल लागत असेल, तर तेथे गप्प राहू नये. आणि बोलताना तो बोल दुसऱ्या कोणाकडे सरकवूही नये.

व्हरांड्यातील त्या पालकांना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून घेतले होते. वर्गात नेऊन फळ्यावर तीच आकृती काढली आणि नाणे उडवून दाखविले. त्यांनी स्वतः दहा-बारा वेळा उडविले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हंजी कुनाचीच खोट न्हाई. हे माझ्या आईला सांगाया तुमी याल का?’’ मी येतो म्हणालो; पण वार्षिक निकालाची गडबड, मग सुट्टी, मग नवे वर्ष, आणि जाणे राहून गेले. त्यांची मुलगी पुढे शिकली, हे मला नंतर कळले. तिच्या आजीपर्यंत मात्र तो पाठ पोहोचला की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. माझे राहून गेलेले ते जाणे आता विद्यालयाने आणि या स्मरणिकेच्या वाचकांनी पुरे करावे, एवढीच अपेक्षा.